हीटेड सीट : पिकअप घेताना टाळू नका

पिकअप ट्रक घेताना फक्त गरम सीटसाठी वरचा ट्रिम, म्हणजे जास्त सोयींची महाग आवृत्ती, घ्यावा का, असं तुम्ही विचारलंत. कॅनडातल्या एडमंटनसारख्या कडाक्याच्या थंडीच्या ठिकाणी राहत असाल तर माझं उत्तर स्पष्ट 'हो' आहे.

कारण साधं आहे. केबिनचा हीटर इंजिनच्या कूलंटवर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या उष्णतेवर, चालतो. उणे २५ अंशांना कूलंट तापेपर्यंत बराच वेळ जातो, डिझेल असेल तर आणखी जास्त. सीटमधली तार थेट बॅटरीच्या विजेवर तापते, त्यामुळे दोन-तीन मिनिटांत पाठीला ऊब लागते. पहाटे कामावर निघणाऱ्याला याचं मोल विचारा! शिवाय ही सोय फक्त लेदरलाच मिळते असं नाही, कापडी सीटलाही मिळते. ती कुठल्या पॅकेजमध्ये आहे ते डीलरकडून लेखी घ्या.

इलेक्ट्रिक पिकअप बघत असाल तर याचं महत्त्व दुप्पट. अख्खी केबिन तापवायला काही किलोवॉट लागतात, सीटला साधारण शंभर वॉटच्या आत भागतं. थंडीत रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, वाचते.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. चिपच्या टंचाईमुळे जनरल मोटर्सने नोव्हेंबर २०२१ पासून सिल्व्हराडो पिकअपसह बऱ्याच गाड्या हीटेड सीटशिवाय दिल्या होत्या. तेव्हा २०२२ चं मॉडेल असेल तर नुसत्या ट्रिमच्या नावावर विसंबू नका, बटण दाबून, बसून बघा.

बाहेरून किट बसवायचा विचार मात्र कृपया नीट करा. सीटमध्ये एअरबॅग आणि प्रवासी ओळखणारा सेन्सर असतो, तिथे अर्धवट माहितीच्या माणसाला हात घालू देऊ नका.