मलाखी तीनमधलं पाचवं वचन

मी: सगळ्यांना सलाम. बुधवारच्या प्रार्थनेत बोलायचं धाडस झालं नाही म्हणून इथे घरच्या ग्रुपवर लिहितेय, मोठं होईल पण वाचा. गेल्या शनिवारी आमच्याकडे शाकारणी झाली, पाऊस कधीही सुरू होईल म्हणून घाईच होती, दोघंजण दोन दिवस कौलांवर, एक म्हातारा आणि त्याचा पुतण्या, विजापूरकडचे. संध्याकाळी उतरले, म्हातारा नळाखाली हात धूत होता, कोपरापर्यंत लाल धूळ, पाणी लालच वाहत होतं, आणि मी दारातूनच सांगितलं की रोख नाहीयेत हो, सोमवारी या. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन, जीपे वगैरे काही नाही. भांडला नाही. टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाला, उद्या रेशन भरायचं होतं बाई. आणि गेले दोघं.

मी: घरात येऊन बायबल उघडलं तर आत अर्पणाचं पाकीट. चार हजार, दशांशाचे, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला द्यायचा ते. त्या दोघांची मजुरी होत होती छत्तीसशे. पाकीट मला आठवलंच नव्हतं असं नाही, आठवलं होतं, पण ते देवाचे पैसे म्हणून मी ते रोख यात धरलेच नाहीत.

मी: रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेतात ते. पाळकसाहेबांनी नेहमीसारखं मत्तय ५:२३-२४ वाचलं, वेदीजवळ अर्पण आणताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. शंभरदा ऐकलंय मी हे, आणि दरवेळी भाऊ म्हणजे आपल्यातलाच कोणीतरी, मंडळीतला नाहीतर नात्यातला. त्या दिवशी डोळ्यापुढे तो टॉवेल आला. उठले, बाहेर येऊन रिक्षा केली, वास्कोतच बायणाला मजुरांच्या तीन खोल्यांवर विचारत विचारत गेले आणि पाकिटातलेच पैसे दिले. प्रभुभोजन घेतलं नाही. आता तुम्ही सांगा, दशांशातून दिले ते बरोबर केलं का?

वहिनी: अगं एवढं झालं आणि बोलली नाहीस 🙏

काका (म्हापसा): बाळ, तू मनापासून केलंस याबद्दल शंका नाही. पण मला स्पष्ट बोलू दे. दशांश आपला नसतोच, तो परमेश्वराचा. बायबलात मलाखीच्या पुस्तकात ३:८ ते १०, दशांश न देणं म्हणजे देवाला लुटणं असं सरळ म्हटलंय, सगळा दशांश भांडारात आणा. मजुरी द्यायची तर शेजारणीकडून उसने घ्यायचे होते, एटीएमला जायचं होतं. एका कर्तव्यासाठी दुसरं मोडू नये. माझ्या वडिलांनी नगरला असताना दुष्काळातसुद्धा अर्पण चुकवलं नाही.

मोठी आत्या (मडगाव): आपले वडील मजुराला उपाशी पाठवायचे नाहीत हेही खरं आहे. मार्क ७ बघ. लोक म्हणायचे की आईबापांना द्यायचं ते आम्ही देवाला वाहिलं, कर्बान, आणि हात झटकायचे. येशूने तिथे काय म्हटलंय ते तुला पाठ आहे.

काका (म्हापसा): ते आईबापांबद्दल आहे.

दादा: काका, मलाखी ३ च काढा ना, आठव्या वचनावरून जरा वर जा, पाचवं वाचा. देव म्हणतो मी न्याय करायला येईन आणि कोणाकोणाविरुद्ध साक्ष देईन, जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ वाहणारे, आणि त्यांच्याच रांगेत मजुराची मजुरी दाबणारे, विधवा आणि अनाथांना छळणारे, परक्याचा हक्क बुडवणारे. दशांशाचं वचन याच्या तीन वचनं खाली आहे. एकाच अध्यायात. आयुष्यभर दशांशावर प्रवचनं ऐकली, पाचव्यावर एक ऐकल्याचं आठवत नाही. आणि विजापूरहून येऊन वास्कोत कौलं चढवणारा माणूस मजूर पण आहे आणि परका पण, त्याला दोन ठिकाणी धरलंय त्या वचनात.

मोठी आत्या (मडगाव): 👏 अगदी

भाचा (पुणे): आत्या, मी लायब्ररीत आहे म्हणून भरभर लिहितो. लेवीय १९:१३ मध्ये मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवू नकोस असं आहे ना, तिथे हिब्रूत जे क्रियापद आहे ते रात्रीच्या मुक्कामाचं आहे, प्रवासी कुठे उतरतो त्यासाठी वापरतात तेच. म्हणजे मजुरीने तुझ्या घरी मुक्काम करायचा नाही, तिचं घर दुसरं आहे. आणि अनुवाद नावाच्या पुस्तकात २४:१५ मध्ये सूर्य मावळायच्या आत दे असं म्हणून कारण पण दिलंय, तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांकडे लागलेला असतो.

भाचा (पुणे): आणखी एक, हे मला फार भिडलं होतं. १९६० मध्ये इस्राएलच्या किनाऱ्यावर मेसाद हशव्याहू म्हणून जागा आहे तिथे शाईने लिहिलेला मातीच्या भांड्याचा फुटका तुकडा सापडला, इसवी सनापूर्वी सातव्या शतकातला. एका कापणीच्या मजुराचा अर्ज आहे तो, अधिकाऱ्याला लिहिलेला. मी माझी कापणी पुरी केली, धान्य साठवलं, तरी होशयाहू नावाच्या माणसाने माझं वस्त्र काढून नेलं, माझ्याबरोबर कापणी करणारे भाऊ साक्ष देतील, माझं वस्त्र मला परत मिळवून द्या. अनुवाद २४ मध्ये मजुरीच्या जरा आधीच लिहिलंय की गरिबाचं गहाण वस्त्र सूर्य मावळताना परत कर, त्याला ते पांघरून झोपायचं असतं. म्हणजे ही नुसती पुस्तकातली गोष्ट नव्हती, कोणीतरी खरंच उघडा बसून अर्ज लिहून घेत होता.

वहिनी: मग मला एक सांगा सगळे. आमच्या मावशी धुणीभांडी करतात, त्यांचा पगार मी दहा तारखेला देते कारण आमचाच सातला होतो. हेही पाप का? मला खरंच टोचतंय आता.

भाचा (पुणे): आई, ते दिवसावर काम करणाऱ्याचं आहे. मिश्ना म्हणजे यहुदी नियमांचा जुना संग्रह, त्यात हे वेगळं करून सांगितलंय, महिन्यावर ठरलं असेल तर महिना संपला की हक्क लागतो.

दादा: आणि आपल्या २०१९ च्या वेतन संहितेत पण तसंच आहे, रोजंदारीवाल्याला शिफ्ट संपताना आणि महिन्याच्या पगारवाल्याला पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत. घरकामाच्या मावशींना तो कायदा कितपत धरून आहे हा वेगळा विषय, पण दहा तारीख त्यातही बसत नाही गं.

वहिनी: त्या कधी मागत नाहीत, म्हणून मला वाटायचं त्यांना चालतं.

मी: वहिनी, तो म्हातारा पण मागत नव्हता. रेशन एवढंच म्हणाला. मागणाऱ्याला आपण देतोच, गप्प उभा असतो त्याचं राहून जातं. पगार सातला येतो तर मावशींचे एक तारखेला वेगळे काढून ठेवायला आदल्या महिन्यातून सुरुवात कर, एकदाच ओढ बसेल. मी या महिन्यापासून तेच करतेय, दशांशाच्या पाकिटाशेजारी दुसरं पाकीट, आणि दुसरं आधी भरायचं.

काका (म्हापसा): आधी?

मी: हो काका. मत्तय २० मध्ये द्राक्षमळ्याचा धनी संध्याकाळ झाल्याबरोबर कारभाऱ्याला म्हणतो कामकऱ्यांना बोलाव आणि मजुरी दे, एक दीनार, म्हणजे तेव्हाची पुऱ्या दिवसाची मजुरी. शेवटी आलेल्याला तेवढीच का दिली यावर आपण सगळे बोलतो, पण ती त्याच संध्याकाळी दिली, अंधार पडायच्या आत, हे मला आत्ता दिसलं. देवाच्या राज्याची गोष्ट सांगताना येशूने तेवढं नियमाप्रमाणेच ठेवलं. दशांशाचे छत्तीसशे मी पुढच्या रविवारी घालणार आहे, ते बुडवायचे नाहीत, तुमचं तेवढं मला पटलंय. पण रांगेत तो म्हातारा पुढे.

मोठी आत्या (मडगाव): आणि प्रभुभोजन?

मी: पुढच्या वेळी घेईन आत्या. त्या दिवशी बायणाला त्याच्या सुनेने चहा दिला, स्टीलच्या पेल्यात, खूप गोड. तोच घेतला.

दादा: ❤️

काका (म्हापसा): मी जरा वेळाने लिहितो.

वहिनी: मावशींना आत्ताच दिले. त्या विचारत होत्या काय झालं म्हणून, आज तर पाचच तारीख 🙏

काका (म्हापसा): मलाखी काढला. माझं बायबल चाळीस वर्षांचं. दहाव्या वचनाखाली तीन रंगांच्या रेघा आहेत, समासात तारखा लिहिल्यात कधी कधी त्यावर बोललो त्या. पाचव्याखाली काहीही नाही, कोरं. गेल्या शुक्रवारी बाजाराच्या गडबडीत माडाची झावळं काढायला पाडेली आला होता, सुटे नाहीत म्हणून अर्धे दिले आणि अर्धे पुढच्या वेळी म्हटलं. माझ्या लक्षातही नव्हतं ते. त्याचा नंबर शेजाऱ्यांकडे आहे.

मोठी आत्या (मडगाव): आत्ताच लाव फोन.

काका (म्हापसा): लावला. संध्याकाळी येतोय.

वहिनी: बुधवारी प्रार्थना कोणाकडे? आमच्याकडे ठेवूया का, मावशी पण बसेन म्हणाल्यात थोडा वेळ.