मदत हवी आहे: काम करताना लॅपटॉप ठणठणीत, रिकामा सोडला की हँग

मंडळी, सांगलीतून लिहितोय. मार्केट यार्डात आमची बेदाण्याची अडत आहे, दुकानात एक जुना लॅपटॉप आहे, इंटेल सेलेरॉन एन २८४०, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क काढून एसएसडी घातलाय. विंडोज इतकं रडत चालायचं की दिवाळीत वैतागून लिनक्स मिंट टाकलं, एक्सएफसीई ह्या हलक्या डेस्कटॉपवालं. पळतंय मस्त. पण दिवसातून एकदोनदा पार हँग होतो, आणि हँग म्हणजे नुसता ब्राउझर अडकत नाही, माउस जागच्या जागी, कोपऱ्यातलं घड्याळ ३:४२ वर थांबलेलं, कॅप्स लॉक दाबलं तरी दिवा लागत नाही, गाणं चालू असेल तर डर्रर्र असा एकच आवाज धरून बसतो. मग पॉवर बटण दाबून धरायचं, दुसरा इलाज नाही.

आता गंमत अशी की काम चालू असताना हे कधीच होत नाही. सौद्याच्या दिवशी साठसत्तर पट्ट्या (शेतकऱ्यांच्या मालाची बिलं) एकामागून एक काढल्या, हूं की चूं नाही. एका रात्री मुद्दाम व्हिडिओ कन्व्हर्टला लावला, चार तास सीपीयू फुल, तरी काही नाही. पण शेतकरी आला, चहा सांगितला, दहा मिनिटं बोलत बसलो आणि वळून बघतो तर गेलेला! वडील म्हणतात, माणसासारखंच आहे त्याचं, रिकामं बसलं की आजारी पडतंय.

रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवली, एकही एरर नाही. जर्नलसीटीएलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये, आधीच्या बूटचा लॉग बघितला तर साध्या ओळी आणि मधेच तुटलेला. रिपेअरवाला म्हणतो मदरबोर्ड गेलाय, साडेचार हजार. मला पटत नाहीये, बोर्ड गेला असता तर चार तास व्हिडिओ कसा ओढला असता? कुणाला अनुभव असेल तर सांगा, पैसे घालू की नको?

प्रतिसाद १
दादा थांबा, पैसे देऊ नका. एन २८४० म्हणजे इंटेलच्या बे ट्रेल घराण्यातली चिप, आणि बे ट्रेलचं हे दुखणं लिनक्सवाल्यांत जुनं आहे, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बगझिलात, म्हणजे तक्रारींच्या यादीत, १०९०५१ नंबरचा बग बघा. सीपीयूला काम नसलं की तो झोपतो, त्या झोपेच्या पायऱ्यांना सी-स्टेट म्हणतात. सी१ म्हणजे डुलकी, सी६ म्हणजे गाढ झोप, कोरची वीजच जवळपास तोडतात. ह्या चिप सी६ च्या भानगडीत अडकतात. म्हणून तुमचा कामात चालतो आणि चहाला मरतो.

आधी एकदाच करून बघा. बूट होताना ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूत ई दाबा, लिनक्स ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक स्पेस सोडून इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१ लिहा, अर्थात इंग्रजीत, सगळी स्मॉल अक्षरं, त्या शब्दाच्या मधे स्पेस नको, मग एफ१०. हे तेवढ्या बूटपुरतंच राहतं, चुकलं तर रीस्टार्ट केला की गेलं. दोनतीन दिवस टिकला तर डिफॉल्ट फोल्डरातल्या ग्रब फाइलीत आधीच असलेल्या क्वाएट स्प्लॅश ह्या शब्दांच्या शेजारी तेच टाका आणि टर्मिनलमध्ये सुडो अपडेट-ग्रब मारा, हे विसरलात तर फाइल बदलून उपयोग नाही. बॅटरी मात्र लवकर उतरेल, गाढ झोप बंद केली ना.

प्रतिसाद २
वरच्यांचं बरोबर. फक्त एक, १ च्या जागी ० टाकू नका. मी साताऱ्यात भावाच्या लॅपटॉपला जास्त शहाणपणा करून ० टाकला होता. ० ने झोप बंद होत नाही, सीपीयूला झोपवणारा इंटेल आयडल ड्रायव्हरच बंद होतो आणि एसीपीआय आयडल हा दुसरा ड्रायव्हर त्याची जागा घेतो, तो परत खोल झोपवू शकतो. आठवडा गेला माझा त्यात.

धागाकर्ता
मंडळी, उशिरा कळवतोय, माफी. पहिल्यांदा ग्रबचा मेनूच दिसेना, मग कळलं चालू करताना शिफ्ट धरायचं, आमच्या जुन्या बायॉसला ते चालतं. टाकून आज अकरावा दिवस, एकदाही हँग नाही, काल तर मुद्दाम उघडा ठेवून जेवायला घरी गेलो, आलो तर घड्याळ चालू! सिस फोल्डरात (तिथे चालू सेटिंग दिसतात) मॅक्स_सीस्टेट फाइल कॅट कमांडने उघडून बघितली, १ येतोय. बॅटरी आधी अडीच तास जायची, आता पावणेदोनला मान टाकते, आणि दुपारी लाईट गेली की ते जाणवतं. रिपेअरवाल्याला फोन करून बोर्डाचं राहू दे म्हटलं, नव्या बॅटरीचा भाव विचारलाय.