हँडब्रेक दोनदा आवळूनही गाडी उतारावर सरकते

प्रश्न (चढावरचे_घर):
माझी गाडी २०१३ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक असून तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. आजवर ती ८४,००० किलोमीटर चालली आहे. आमचे घर रत्नागिरीत चढावर असल्यामुळे गाडी रोज उतारावरच उभी करावी लागते. गेल्या पावसाळ्यापासून हँडब्रेकचा दांडा जवळजवळ उभा होईपर्यंत, म्हणजे दहा-अकरा खटके ओढल्याशिवाय गाडी थांबत नाही, आणि तरीही कधीकधी ती हळूच वीतभर मागे सरकते. जवळच्या गॅरेजमध्ये दोनदा केबल आवळून घेतली. दोन्ही वेळा पंधरा-वीस दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झाले. पायाचा ब्रेक मात्र उत्तम लागतो, त्यामुळे मागचे ब्रेक खराब असतील असे वाटत नाही. केबलच बदलावी का?

उत्तर १ (दुपारची_डुलकी):
गाडी गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे प्रश्नच उरत नाही. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. मी गेली सहा वर्षे हेच करतो.

उत्तर २ (जुना_पाना):
गिअरमध्ये ठेवण्याची सवय चांगलीच आहे आणि ती सोडू नये. परंतु त्या वेळी गाडी केवळ इंजिनातील दाबामुळे अडलेली असते, आणि तीव्र उतारावर तो दाब हळूहळू निसटून गाडी हिसका देत पुढे-मागे जाऊ शकते. म्हणून गिअर हा हँडब्रेकला जोड म्हणून ठीक, त्याच्या जागी नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. पायाचा ब्रेक चांगला लागतो यावरून मागच्या ड्रमविषयी फारसे काही कळत नाही, कारण गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्या डिस्क करतात. शिवाय मागे लायनर (ड्रमच्या आतल्या शू नावाच्या कमानदार पट्ट्यांवरचा घर्षणाचा थर) आणि चाकाबरोबर फिरणारा ड्रम यांच्यात थोडी फट वाढली असली, तरी ब्रेक ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे पिस्टन तेवढे जास्त बाहेर येतात आणि फट भरून काढतात. हँडब्रेकच्या केबलला ती मुभा नसते. दांडा जेवढा वर येतो तेवढीच ती ओढली जाते, आणि त्यातील निम्मी ओढ फट मिटवण्यातच खर्ची पडली तर पकडीसाठी फार थोडी उरते.

ही फट कमी ठेवण्यासाठी ड्रमच्या आत दोन शूंच्या मध्ये ॲडजस्टर असतो. पुष्कळ गाड्यांत तो लायनर झिजेल तसा आपोआप थोडा थोडा सरकतो. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत त्याचे आटे किंवा दाते गंजून बसतात आणि मग तो सरकायचा थांबतो. अशा वेळी ड्रम न उघडता केवळ केबल आवळली, तर शूला जोडलेली हँडब्रेकची तरफ पूर्णपणे मागे येत नाही आणि उरलासुरला ॲडजस्टरही निकामी होतो. लायनर आणखी झिजले की दांडा पुन्हा वर येऊ लागतो. आपल्याकडे दोनदा बहुधा हेच झाले असावे, म्हणून केबल बदलण्याआधी ड्रम उघडावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

काम करताना क्रमाला महत्त्व आहे. गाडी सपाट जागी घ्यावी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, हँडब्रेक पूर्ण सोडावा, आणि गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी. आधी केबल सैल करावी. ड्रम निघत नसेल तर त्याचे कारण अनेकदा तिचा ताण हेच असते. आतील काळी धूळ फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी. लायनरची जाडी गाडीच्या पुस्तिकेतील किमान मापाशी ताडून पाहावी, आणि ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापेक्षा तो जास्त झिजला असेल तर बदलावा. शू ओला दिसला तर व्हील सिलिंडरचे रबर गळते आहे असे समजावे. तेल प्यालेला लायनर घासून पुन्हा वापरण्याची काटकसर करू नये, आणि शू बदलायचे झाल्यास दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत.

यानंतर ॲडजस्टर साफ करून शू इतके बाहेर घ्यावेत की हाताने फिरवताना चाकाला अगदी हलका घासल्याचा आवाज यावा. मग पायाचा ब्रेक पाच-सात वेळा दाबून शू मध्यावर बसू द्यावेत आणि सर्वांत शेवटी केबल आवळावी. पुस्तिकेत खटक्यांची संख्या दिलेली असते. बऱ्याच गाड्यांत ती पाच ते आठच्या आसपास असते. दांडा सोडल्यावर दोन्ही चाके मोकळी फिरलीच पाहिजेत, नाहीतर चालत्या गाडीत ड्रम तापेल.

उत्तर ३ (घाटवळण):
वरील उत्तरात एका गोष्टीची भर घालतो. दोन्ही मागची चाके उचललेली असताना दांडा एकेक खटका ओढत जावा आणि कोणते चाक आधी अडते ते पाहावे. एक अडले आणि दुसरे फिरतच राहिले, तर फिरत राहिलेल्या चाकाच्या बाजूची केबल आवरणात गंजून जड झाली असण्याची शक्यता मोठी आहे. अशी केबल तेल घालून चार दिवस सुधारते, पण टिकत नाही. तसेच गाडी सरकते तेव्हा चाक फिरते की न फिरता घसरते, हेही कोणाला तरी बाजूला उभे करून पाहावे. शेवाळलेल्या जांभ्या दगडाच्या उतारावर तोंड खाली करून लावलेल्या गाडीचे वजन पुढे जाते, मागची चाके हलकी पडतात आणि ब्रेक पक्का असूनही ती घसरू शकतात. तो दोष हँडब्रेकचा नव्हे.

चढावरचे_घर:
सर्वांचे आभार. काल दुसऱ्या गॅरेजमध्ये समोर उभे राहून ड्रम उघडून घेतले. लायनर अजून बरेच शिल्लक होते आणि ओल कुठेच नव्हती, पण दोन्ही ॲडजस्टर गंजून जाम झाले होते, आणि डावी केबल हाताने ओढली तर परत मागे जात नव्हती. ॲडजस्टर साफ केले, शू जुळवले, डावी केबल नवी टाकली. आता सहाव्या खटक्यावर गाडी आमच्या चढावर न्यूट्रलमध्येही जागची हलत नाही. पहिला गिअर मात्र टाकूनच ठेवतो आहे. अंगणातले शेवाळ रविवारी खरवडणार आहे.