अँड्रॉइडवरून जुन्या आयफोनवर: कमी खर्चात आणि कोणत्या क्रमाने

(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा; नावांच्या जागी फ्लॅटचे नंबर.)

बी-३०४: नमस्कार. आईसाठी फोन घ्यायचा आहे. घरात बाकी सगळ्यांकडे आयफोन आहेत, तिच्याकडे जुना अँड्रॉइड. बजेट ३५ हजार, चार्जर आणि कव्हर धरून. तिची दोन सिम आहेत. एकावर पेन्शनचं खातं आणि यूपीआय, दुसरं नातेवाइकांसाठी. व्हॉट्सॲप पेन्शनच्याच नंबरवर आहे आणि त्यातलं जुनं सगळं यायलाच हवं, एवढीच तिची अट आहे. कोणता घ्यावा?

ए-१०२: ३५ हजारांत नवा आयफोन बसत नाही. त्यातल्या त्यात स्वस्त म्हणून आलेला १६ई सुद्धा फेब्रुवारी २०२५ मध्ये ५९,९०० ला निघाला होता. म्हणजे वापरलेलाच बघावा लागेल. आयफोन ११ नको. त्यात ५जी नाही, शिवाय आयओएस २६ (आयफोनची सिस्टिम) चालणाऱ्या फोनमधला तोच सगळ्यात जुना, त्यामुळे पुढे अपडेट बंद व्हायची पाळी आली की पहिला तोच. १२ मध्ये ५जी आहे पण तो ६४ जीबीपासून सुरू होतो, आणि बाजारात मिळणारे बरेचसे तेवढेच असतात. ६४ जीबीत व्हॉट्सॲप आणि फोटो धरले की वर्षभरात जागा संपते. १३ मुळातच १२८ जीबीपासून सुरू होतो. तोच बघा.

ए-५०१: मी विरुद्ध बाजूने बोलते. बाईंना आयफोनच हवा की घरच्यांना वाटतंय? २० हजारांच्या आत सॅमसंगचा ए१६ ५जी नवाकोरा, वॉरंटीसकट मिळतो आणि त्याला सहा वर्षं अपडेटचं आश्वासन आहे. व्हॉट्सॲप, यूपीआय, मराठी कीबोर्ड सगळं आहे तसं राहील. फक्त फोनच बदलायचा असेल तर हाच पर्याय शहाणपणाचा आहे.

बी-३०४: ताई, मान्य. पण नातू परदेशात आहे, फेसटाइमवर (ॲपलचा व्हिडिओ कॉल) बोलायचं असतं. आणि फोन अडला की मदत करणारे आम्ही सगळे आयफोनवाले. तिच्या फोनवर काय कुठे आहे ते आम्हाला पटकन सांगता येत नाही.

ए-५०१: हे कारण पटलं. मदत करणारा माणूस ज्या फोनवर आहे तोच फोन ज्येष्ठांना द्यावा. (फेसटाइमसाठी मात्र आयफोनची गरज नाही. आयफोनवाल्याने लिंक पाठवली की अँड्रॉइडच्या ब्राउझरमधूनही कॉलमध्ये येता येतं.)

डी-४०३: अमेरिकेतून कोणी येत असेल तर तिथून मागवला तर?

सी-२०१: डी-४०३, अजिबात नको. अमेरिकेत विकले जाणारे १४ आणि त्यापुढचे फोन सिमच्या ट्रेशिवाय येतात, फक्त ई-सिम (कार्डाशिवाय, फोनमध्येच भरलं जाणारं सिम). १३ ला ट्रे आहे, पण तिथल्या मोबाइल कंपनीच्या हप्त्यांवर घेतलेला असेल तर लॉक असू शकतो. सेटिंग्ज, जनरल, अबाउट मध्ये 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलेलं दिसलं तरच आपलं सिम चालेल.

बी-३०४, इथे वापरलेला घेताना पैसे देण्याआधी दुकानातच हे बघा. अबाउट मध्येच मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर. एम असेल तर किरकोळ विक्रीचा मूळ फोन, एफ म्हणजे कंपनीने दुरुस्त करून विकलेला, एन म्हणजे बदली दिलेला. नंबरात शेवटी एचएन असेल तर भारतातला. एफ किंवा एन वाईट नाही, पण विकणारा 'एकदम नवा होता' म्हणत असेल तर भाव पाडायला कारण मिळतं.

त्याच पानावर खाली 'पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी' दिसते का बघा. भाग कधीच बदलला नसेल तर हा मथळाच येत नाही. १२ पासून पुढे त्यात बॅटरी, स्क्रीन आणि कॅमेरा तिन्ही कळतात. 'अननोन पार्ट' आलं की भाग बहुधा बाहेरचा. बॅटरी बाहेरची असेल तर तिच्या आरोग्याच्या टक्क्यांवर विश्वास ठेवू नका. स्क्रीन बाहेरची असेल तर फोन सोडून द्या, उन्हात दिसत नाही आणि स्पर्श चुकतो.

बॅटरी हेल्थ ८०% च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून बोला. १३ ची बॅटरी चार्जिंगच्या ५०० चक्रांनंतर ८०% राहावी असं गणित आहे, म्हणजे रोजच्या वापरातल्या फोनची ती आत्तापर्यंत उतरलेली असणारच. त्यामुळे १३ वर १००% दिसलं तर खूश होण्याआधी हिस्टरी उघडा.

आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून घ्या आणि खोक्यावरच्याशी जुळवा. मग केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरही तेच होतं. 'ब्लॅकलिस्टेड' किंवा 'ऑलरेडी इन यूज' असं उत्तर आलं तर उठून यायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: विकणाऱ्याने तुमच्यासमोर 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' करायचं. त्यात त्याला स्वतःचा ॲपल पासवर्ड टाकावा लागतो. फोन 'हॅलो' वर आला की वायफाय जोडून पुढे जाऊन बघा. 'लॉक्ड टू ओनर' (जुन्या मालकाच्या खात्याला बांधलेला) आलं तर तो फोन तुमच्या हातात नुसती वीट आहे, बिल असल्याशिवाय तो कोणी उघडून देत नाही. 'पासवर्ड उद्या पाठवतो' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

बी-३०४: दादा, हे सोन्यासारखं आहे. आता दोन सिमचं काय?

ए-१०२: सगळं इथेच अडतं, म्हणून नीट वाचा. भारतातल्या १३ मध्ये एकच नॅनो सिम बसतं, दुसरं ई-सिम करावं लागतं. सिम बदललं किंवा ई-सिम केलं की पहिले २४ तास त्या नंबरचे एसएमएस बंद असतात. सिमचोरी करून खातं लुटू नये म्हणून हा नियम आहे. त्या काळात ओटीपी येत नाही आणि यूपीआयची नोंदणीही होत नाही.

म्हणून पेन्शनचं सिम आहे तसं काढून ट्रेमध्ये घाला. तेच कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालणं म्हणजे सिम बदलणं नव्हे, त्यामुळे एसएमएस चालू राहतात. नातेवाइकांचा नंबर ई-सिम करा, आणि तोही बाकी सगळं झाल्यावर दोन-तीन दिवसांनी. बरेच जण उलटं करतात आणि मग २४ तास बँकेच्या नावाने ओरडतात.

ए-६०२: ई-सिमची विनंती करण्याआधी त्या नंबरवर ई-मेल नोंदवलेला आहे का ते कंपनीच्या ॲपमध्ये बघा. क्यूआर त्याच ई-मेलवर येतो. तो दुसऱ्या फोनवर उघडून आयफोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करायचा.

बी-३०४: म्हणजे क्रम काय धरू?

ए-१०२: जुन्या फोनवर आधी ही कामं:

१. यूपीआय लाइट (पिनशिवाय छोटे पैसे देण्याचं पाकीट) बंद करा. त्यातले पैसे त्या फोनवरच असतात. ॲपमध्ये 'क्लोज' केलं की खात्यात परत जातात. फोन रिसेट केल्यावर ते सोडवत बसणं त्रासाचं.
२. कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये जाऊन सिमवरचे नंबर गुगल खात्यात इम्पोर्ट करा. जुन्या लोकांचे निम्मे नंबर सिमवर असतात आणि आयफोन सिमवर नवे नंबर साठवत नाही.
३. गुगल ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड देणारं ॲप) असेल तर त्यातून खाती एक्स्पोर्ट करा.
४. व्हॉट्सॲप अपडेट करा. आत नको असलेले मोठे व्हिडिओ 'मॅनेज स्टोरेज' मधून काढा. जेवढं कमी तेवढं हलवणं लवकर.
५. 'मूव्ह टू आयओएस' ॲप टाका.

आता मुख्य गोष्ट. गुगल ड्राइव्हवरचा व्हॉट्सॲप बॅकअप आयफोनवर उघडत नाही. जुने चॅट न्यायला 'मूव्ह टू आयओएस' हाच सरळ रस्ता आहे, आणि तो नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच वापरायचा. आयफोन आधीच सेट करून बसलात तर तो पुन्हा पुसावा लागतो. म्हणून दुकानदाराला सांगा, 'हॅलो' वरच ठेव, पुढे काही करू नकोस.

डी-१०४: ॲप अर्ध्यात अडकतं अशी सगळ्यांची तक्रार असते. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच. जुन्या फोनवर ते ॲप पडद्यावरून हललं, कॉल आला, स्क्रीन बंद झाली की हलवणं थांबतं. त्यासाठी: दोन्ही फोन चार्जरला लावा. अँड्रॉइड फ्लाइट मोडवर टाकून वायफाय परत चालू करा. स्क्रीन टाइमआउट सगळ्यात जास्त ठेवा, त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. शाओमी, विवो, ओप्पोवर हे न केल्यास फोन स्वतःच ॲप मारतो.

आयफोनवर 'फ्रॉम अँड्रॉइड' निवडल्यावर सहा किंवा दहा आकड्यांचा कोड येतो, तो अँड्रॉइडवर टाकायचा. आयफोन स्वतःचं तात्पुरतं वायफाय उभं करतो आणि अँड्रॉइड त्याला जोडला जातो. 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही' असं आलं तरी तिथेच राहायचं. काय न्यायचं त्या यादीत व्हॉट्सॲपवर टिचकी मारली की तो आधी माहिती तयार करतो, मग जुन्या फोनवरून लॉग आउट होतो. अँड्रॉइडने 'झालं' म्हटलं तरी आयफोनवरची पट्टी पूर्ण होईपर्यंत हात लावू नका. नंतर आयफोनवर व्हॉट्सॲप टाकून तोच नंबर द्या आणि 'स्टार्ट' दाबा. वेगळा नंबर दिला तर काही येत नाही. कॉलची यादी येत नाही, बाकी चॅट, ग्रुप, फोटो, आवाजी निरोप येतात.

बी-३०४: फोटो पण त्यातूनच आणू का? बरेच आहेत.

ए-५०१: फोटो त्यातून आणू नका, वेळ आणि जागा दोन्ही जातात. जुन्या फोनवर गुगल फोटोजचा बॅकअप पूर्ण करा. त्यात व्हॉट्सॲपचा फोल्डर आपोआप धरलेला नसतो, 'बॅकअप डिव्हाइस फोल्डर्स' मध्ये तो चालू करावा लागतो. आयफोनवर गुगल फोटोज टाकून त्याच खात्याने आत गेलं की सगळं दिसतं. मात्र आयक्लाउड (ॲपलची ऑनलाइन साठवण) फोटोज आणि गुगल फोटोज दोन्ही चालू ठेवू नका, एकच निवडा.

आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'सेव्ह टू फोटोज' बंद. नाहीतर प्रत्येक सुप्रभात गॅलरीत जाऊन बसतो.

डी-४०३: आयक्लाउडचे पैसे भरावेच लागतात ना शेवटी?

ए-१०२: फुकट ५ जीबीच मिळतात, आणि आयफोनवर व्हॉट्सॲपचा बॅकअप आयक्लाउडवरच जातो. त्यामुळे ज्येष्ठांच्या बाबतीत ५ जीबी पुरत नाहीत. ५० जीबी महिन्याला ७५ रुपये, वर्षाचे ९००. पण बी-३०४, तुमच्या घरात कोणाकडे आधीच पैसे भरलेला प्लॅन असेल तर फॅमिली शेअरिंगमधून तो आणखी पाच जणांना वापरता येतो. आईंना वेगळा घेऊ नका.

खातं मात्र आईंचं स्वतःचं हवं. मुलाच्याच ॲपल खात्यावर आईचा फोन चालू केला तर कॉन्टॅक्ट्स, फोटो, मेसेज एकमेकांत मिसळतात आणि एकाचा कॉल दोघांकडे वाजतो. खातं काढायला क्रेडिट कार्ड लागत नाही, पेमेंटच्या जागी 'नन' निवडा.

सी-२०१: चार्जर. १३ ला लाइटनिंग केबल लागते, टाइप-सी नाही. खोक्यात चार्जर येत नाही, २०२० पासूनच बंद आहे. २० वॉटचा यूएसबी-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर आणि सी-टू-लाइटनिंग केबल घ्या. वनप्लस किंवा रिअलमीचा ८० वॉटचा चार्जर घरात आहे म्हणून तो वेगाने चालेल असं नाही, ती त्या कंपनीची स्वतःची पद्धत आहे. आयफोनवर तो हळूच चालतो.

ए-६०२: यूपीआयचं राहिलं. आयफोनवर ॲप स्वतःहून एसएमएस पाठवू शकत नाही. मेसेजचं पान उघडतं आणि 'सेंड' आपण दाबायचं. पुढे ई-सिम आल्यावर कधी परत नोंदणी करायची वेळ आली तर त्या पानावर पेन्शनचाच नंबर निवडलेला आहे ना ते बघा, दुसऱ्या नंबरवरून गेला तर नोंदणी फसते. सिमवर एसएमएस जाण्याएवढा रिचार्ज हवा. यूपीआय पिन तोच चालतो, नवा करायची गरज नाही.

नव्या आयफोनवर पहिले ७२ तास यूपीआयची मर्यादा ५,००० रुपये असते, अँड्रॉइडवर हेच २४ तास असतं. त्यामुळे मेंटेनन्स किंवा औषधांचं मोठं बिल त्याच आठवड्यात असेल तर ते आधी भरून टाका.

ॲडमिन: चांगली माहिती आहे. ए-१०२ चा क्रमाचा मेसेज पिन करतो.

बी-३०४: सर्वांचे आभार. एक शेवटचं, आईच्या हातात स्मार्ट घड्याळ आहे, ते चालेल का?

डी-१०४: नॉइज किंवा बोटचं असेल तर चालेल, फक्त त्यांचं आयफोनचं ॲप टाकून परत जोडावं लागेल. सॅमसंगचं गॅलेक्सी वॉच ४ किंवा त्यापुढचं असेल तर आयफोनशी जुळत नाही, ते जुन्या फोनसोबतच विकून टाका. पण तो फोन निदान १० दिवस ठेवा. बँकेचं किंवा विम्याचं एखादं ॲप विसरलेलं असतं आणि ते तिथेच सापडतं. विकताना आधी गुगल खातं फोनमधून काढा, मगच रिसेट करा. उलट क्रमाने केलं तर घेणाऱ्याला आईंचा गुगल पासवर्ड विचारला जातो आणि तो परत तुमच्या दारात येतो. मेमरी कार्ड काढून घ्यायला विसरू नका.