सिगारेट ओढणारा खरोखर शांतपणे ऐकतो का?

पंचवटीची लेक : ‘दोन झुरके मारले की डोके थाऱ्यावर येते आणि घरच्यांचे दुःख शांतपणे ऐकून घेता येते,’ असे सातपूरकरांनी काल लिहिले, ते मला सहन झाले नाही. बारावीत नापास झाल्याचे सांगताना मी रडत होते आणि वडिलांचा हात शर्टाचा खिसा चाचपत होता. ते गॅलरीत गेले, पाच मिनिटांनी परत आले आणि ‘जेवलीस का?’ म्हणाले. ते शांत झाले होते, पण त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलेच नव्हते.

सातपूरकर : ताई, एका घराचा अनुभव सगळ्यांच्या माथी मारू नका. मी 22 वर्षे ओढतो आहे. पाकीट संपलेले असते त्याच दिवशी मी मुलावर खेकसतो.

गोदाकाठ : तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध साक्ष दिलीत. धुरातले निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. त्यानंतर जी तलफ आणि चिडचिड सुरू होते, ती पुढच्या सिगारेटने निवते आणि आपण त्या निवण्यालाच मनःशांती समजतो. जॉन कॅसल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की सिगारेटने चिंता कमी होते ती लक्ष गुंतवायला दुसरे काही असेल तेव्हाच. नुसते चिंतेसमोर बसवले तर तो दिलासा मिळत नाही. म्हणजे लक्ष नकोशा गोष्टीवरून सरकते. घरात ती नकोशी गोष्ट म्हणजे रडणारे माणूस असते.

दुसरी पाळी : निकोटिन बाजूला ठेवा, सुटीचे बोला. अंबडच्या ज्या कारखान्यात मी नऊ वर्षे काढली, तिथे ओढणारे पाळीत चार वेळा गेटबाहेरच्या टपरीवर जात आणि त्यांच्या मशीन मी सांभाळत असे. मी एकदा मोकळ्या हवेसाठी बाहेर गेलो, तर सुपरवायझरने सगळ्यांदेखत झापले. दहा मिनिटे बाहेर उभे राहिले की कोणीही शांत होतो!

सातपूरकर : आठ तास उभ्याने काम करणाऱ्याची दहा मिनिटे तुम्ही मोजता? तुम्हाला कोणी अडवले होते?

दुसरी पाळी : सुपरवायझरने अडवले होते, आताच सांगितले. नीट वाचत तरी जा.

पंचवटीची लेक : दादा, तुमचा राग रास्त आहे आणि तो याच प्रश्नाचा भाग आहे. वडिलांना गॅलरीने शांत केले की सिगारेटने, हे मलाही ठरवता येत नाही. पण 2014 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला होता. सिगारेट सुटलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेला त्यात आढळला. सिगारेटच मन सांभाळत असती, तर हे उलटे दिसायला हवे होते.

गोदाकाठ : मात्र सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात आणि चिडचिड काही आठवडे टिकू शकते, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवावे.

सातपूरकर : सिगारेट सोडतो असे मी म्हणणार नाही. टपरीबद्दलचे तुमचे म्हणणेही मला अर्धेच पटले आहे. मात्र गेल्या महिन्यात मुलगा नोकरी गेल्याचे सांगत असताना मी लायटर शोधत होतो, हे आता आठवते आहे. तो पुढे काय म्हणाला, ते मला आठवत नाही. आज रात्री त्याला पुन्हा विचारीन.