पुराच्या रात्री पुण्यात आदेश कोणाचा: आयुक्तांचा की जिल्हाधिकाऱ्यांचा?

मुठाकाठ (धागाकर्ता)

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला ३५ हजार घनफूट पाण्याच्या) वर गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. नंतर वाद झाला तो एकाच गोष्टीवर. जलसंपदा विभाग म्हणाला, आम्ही कळवलं होतं. महापालिकेची बाजू अशी, की एवढं पाणी सोडणार हे वेळेत कळलंच नाही. दोघांचं खरं मानलं तरी लोक पाण्यातच होते.

निरोपाचा रस्ता बघा. धरणावरचा अभियंता विभागाच्या पूरनियंत्रण कक्षाला कळवतो, तिथून जिल्हाधिकारी कार्यालय, मग महापालिकेचा आपत्ती कक्ष, मग क्षेत्रीय कार्यालय, तिथून कनिष्ठ अभियंता, आणि शेवटी सोसायटीचा अध्यक्ष. सहा हात. रात्री तीन वाजता यातल्या एकाचा फोन लागला नाही की पुढचे सगळे झोपलेले. धरण ते एकतानगरी अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटर. पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला तर दीड तास. तेवढ्यात सहा फोन, गाडीवरचा भोंगा आणि तळमजले रिकामे करणं, हे सगळं बसवायचं.

आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५ च्या दुरुस्तीने कलम ४१अ आलं. महापालिका असलेल्या शहरांसाठी (दिल्ली आणि चंडीगड वगळून) राज्य सरकार स्वतंत्र शहर प्राधिकरण नेमू शकतं. अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. माझं म्हणणं, पुण्यासाठी ही रचना कागदावर न ठेवता पूर्ण अधिकारांसह चालवावी. धरणावरचा अभियंता थेट शहराच्या कक्षाशी बोलेल, आणि कुठली गल्ली कधी रिकामी करायची हे आयुक्त ठरवतील. अग्निशमन दल, महापालिकेच्या शाळा, ड्रेनेजचे लोक आधीच त्यांच्या हाताखाली आहेत.

---

सांडवा

विरोध आहे, आणि तो मानापमानाचा नाही.

मुठा ही पुणे महापालिकेची नदी नाही. ती संगमावर मुळेला मिळते. मुळेत मुळशी धरणाचे पाणी येते आणि दापोडीजवळ पवना मिळते. मुळा फुगलेली असली की मुठेच्या पाण्याला पुढे सरकायला जागा राहत नाही आणि संगमाजवळची पाटील इस्टेटसारखी वस्ती मागे तुंबलेल्या पाण्याने बुडते. म्हणजे पुणे शहराचा पूर ठरवणारी धरणे तीन खोऱ्यांत आहेत. काठावर पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, दोन छावणी मंडळे आणि ग्रामपंचायती आहेत. ४१अ नुसार दोन महापालिकांची दोन प्राधिकरणे झाली तर पवनेचा विसर्ग कमी ठेवून खडकवासल्याला वाट द्यायची की उलट, हे कोण ठरवणार? दोन आयुक्त एकमेकांना पत्र लिहिणार?

जिल्हाधिकारी या सगळ्यांच्या वर बसतात. याच, मूळ २००५ च्या, आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम २५ ने ते जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आहेत. वाहतूक बंद करणे, प्रवेश रोखणे हे कलम ३४ मध्ये, जागा आणि वाहने ताब्यात घेणे कलम ६५ मध्ये. लष्कराला आणि एनडीआरएफला (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला) मागणी जाते ती जिल्हा प्रशासनामार्फत. २०२४ लाही लष्कराची मदत घ्यावी लागलीच. पंचनामे तहसीलदाराचे, मदतीची रक्कम महसूलची.

निरोपाची साखळी लांब आहे, हे मान्य. पण ती छोटी करायला अध्यक्ष बदलावा लागत नाही. एक थेट फोनलाइन आणि रात्रपाळीचा एक जागा माणूस लागतो.

---

कात्रजघाट

सांडवा, तुमचा सगळा मुद्दा धरणाच्या पुरावर उभा आहे. पुण्यात अलीकडच्या वर्षांत माणसं जास्त कशाने गेली ते आठवा. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. कात्रजच्या बाजूला काही तासांत ढगफुटीसारखा पाऊस झाला, आंबिल ओढा फुगला आणि अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगर, पार दांडेकर पुलापर्यंत झोडपत गेला. शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक मृत्यू. त्यात खडकवासल्याच्या दरवाजांचा संबंध नव्हता. ना जलसंपदाचा निरोप, ना विसर्गाचा आकडा.

ओढ्याच्या पुरात काय होतं हे नीट समजून घ्या. वरून वाहत आलेली झाडं, राडारोडा, गाड्या कल्व्हर्टच्या (रस्त्याखालच्या मोरीच्या) तोंडाशी अडकतात. मागे पाणी चढतं. शेजारच्या सोसायटीची सीमाभिंत काही वेळ धरणासारखी ते अडवते आणि मग एकदम कोसळते. भिंतीपलीकडे वस्ती असेल तर लोकांना उठून उभं राहायलाही वेळ मिळत नाही. टांगेवाले कॉलनीत भिंत पडूनच माणसं गेली. इथे दीड तास मिळत नाही, पंधरा-वीस मिनिटं मिळतात. एवढ्या वेळात जिल्हाधिकाऱ्यांकडे काय विचारणार?

ओढ्याचं काम शंभर टक्के महापालिकेचं. कल्व्हर्ट किती रुंद, भिंत कोणाची, भिंतीला पाणी निघायला भोकं आहेत का, वस्ती ओढ्याच्या तळापासून किती फूट वर, हे क्षेत्रीय कार्यालयातल्या अभियंत्याला माहीत असतं. पाणी मोजायची साधी पट्टी कल्व्हर्टच्या भिंतीवर रंगवा, कात्रज तलावाच्या सांडव्यावर कॅमेरा लावा, वरच्या टोकाला पर्जन्यमापक बसवा. पट्टीवर लाल खूण ओलांडली की खालच्या वस्तीत भोंगा वाजलाच पाहिजे, कोणाची परवानगी न घेता. म्हणून अधिकार शहराकडे हवा, आणि शहरातही खाली, क्षेत्रीय कार्यालयापर्यंत उतरलेला हवा.

---

सांडवा

ओढ्यांबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे आणि त्यासाठी ४१अ ची गरजच नाही. नाले-ओढे हे महापालिकेचे काम नवी दुरुस्ती येण्याआधीपासून आहे, आणि तातडीच्या कामासाठी महापालिका अधिनियमाच्या कलम ६७ खाली आयुक्तांना निविदेशिवाय खर्च करता येतो. भोंगा वाजवायला आजही कोणी अडवलेले नाही. मग पट्ट्या का रंगवल्या गेल्या नाहीत? अधिकार नव्हता म्हणून नक्कीच नाही. अध्यक्षपद दिले की पट्टी रंगवली जाईल, हे तुमचे गृहीतक मला पटत नाही.

आणि मुठाकाठ, खडकवासल्याचे गणितही मांडा. धरण फक्त १.९७ टीएमसीचे (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). वरची तीन (पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१) मोठी आहेत, पण त्यांच्या खाली थेट खडकवासल्यात येणारे पाणलोट क्षेत्र कोणाच्याच ताब्यात नाही. ३५ हजार क्युसेक म्हणजे तासाला ०.१२६ टीएमसी. अर्धा टीएमसी जागा मोकळी ठेवली तरी चार तासांत भरते. शहराच्या अध्यक्षांनी 'रात्री सोडू नका' म्हटले तरी अभियंत्याला धरण वाचवायला दरवाजे उघडावेच लागतात. तिथे आदेश चालत नाही.

---

मुठाकाठ

चार तास भरपूर आहेत! माझा मुद्दा नेमका तोच आहे. पाऊस रात्री वाढणार असा अंदाज असेल तर दुपारीच दहा-पंधरा हजारांनी विसर्ग सुरू करून अर्धा टीएमसी रिकामा करायचा. १५ हजार क्युसेकने नऊ तास आणि थोडा वेळ लागतो. मग रात्रीचा लोंढा पहाटे चारऐवजी सकाळी आठला शहरात पोचतो. उजेडात माणसं हलवणं आणि अंधारात हलवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण जुलैत वरची धरणं अर्धवट भरलेली असतात, पाणी हातचं घालवलं असा ठपका अभियंत्यावर येऊ शकतो, म्हणून तो थांबतो. हा ठपका ज्याने अंगावर घ्यायचा त्याच्या डोळ्यांसमोर शहर असलं पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांपुढे दौंड-इंदापूरच्या शेतीला पाणी सोडण्याचं आवर्तनही असतं.

---

दोरखंड

अध्यक्ष कोण यापेक्षा पाण्यात काय होतं यावर थोडं लिहितो, कारण दोन्ही बाजूंनी ते गृहीत धरलंय.

रबरी बोटीत आठ-दहा माणसं बसतात असं यादीत लिहिलेलं असतं. दोन जवान, म्हातारी माणसं, लहान मुलं, पिशव्या धरल्या तर फेरीला सहा लोक. गल्लीतून मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन-येऊन वीस मिनिटं धरा. तासाला अठरा. तीन बोटी असतील तर चोपन्न. पाचशे माणसं काढायला नऊ तासांपेक्षा जास्त. म्हणून बोटीने सगळ्यांना काढायची योजना ही योजनाच नाही. चार मजली इमारतीत फक्त तळमजला रिकामा करायचा, ती कुटुंबं वरच्या मजल्यांवर न्यायची आणि बोट डायलिसिसचे रुग्ण, बाळंतिणी, ऑक्सिजनवरची माणसं यांच्यासाठी राखायची. ही नावं सोसायटीनुसार जूनमध्येच क्षेत्रीय कार्यालयात लिहिलेली हवीत. बैठी घरं आणि पत्र्याच्या खोल्या मात्र पूर्ण रिकाम्या, आणि पाणी यायच्या आधी.

मोटर लावलेली बोट गल्लीत निकामी ठरते. पंखा कपड्यांच्या दोऱ्या, केबल, बुडालेल्या दुचाकी यांत अडकतो. तिथे वल्ही, बांबू आणि दोर. गल्लीच्या दोन्ही टोकांना दोर बांधून बोट ओढत न्यायची. नदीपात्रात मोटर हवीच, पण तिथे रात्री बोट घालू नये.

आणि निरोपाची भाषा. 'विसर्ग ३५,००० क्युसेक करण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' हे वाचून कोणी उठत नाही. भिडे पूल बुडतो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो, एवढंच लोकांना माहीत असतं. निरोप असा हवा: 'अमुक सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहाटे पाचपर्यंत गुडघाभर पाणी येईल. गाड्या आत्ता काढा. तळमजल्याने चारपर्यंत वर जावं.' २०२४ च्या पाण्याच्या खुणा भिंतींवर होत्या. त्या मोजून कुठल्या विसर्गाला कुठल्या इमारतीला पाणी लागतं हा तक्ता करता येतो. नकाशावरची निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही बांधकाम परवानगीसाठी ठीक, पहाटे तीनला कामाच्या नाहीत.

---

फीडरपिलर

दोरखंड, तुमच्या यादीत वीज राहिली. त्याच दिवशी, २५ जुलैला, पुलाची वाडीत हातगाडी हलवताना विजेच्या धक्क्याने तिघे गेले. बुडून नव्हे.

घरांचा पुरवठा महावितरणचा. रस्त्यावरच्या दिव्यांचा मार्ग वेगळा, त्याचं पॅनेल महापालिकेच्या विद्युत विभागाचं. महावितरणने डीपी (गल्लीत वीज वाटणारी पेटी) बंद केली म्हणजे गल्ली सुरक्षित झाली असं नाही, दिव्याचा खांब जिवंत असू शकतो. उलटही. तळमजल्याच्या दुकानातला इन्व्हर्टर, सोसायटीचा जनरेटर हे तिसरं आणि चौथं. वीज तोडण्याआधी लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन थांबवायची, नाहीतर माणूस आत अडकतो किंवा लिफ्ट खड्ड्यात भिजते. पंप बंद होणार म्हणून टाक्या आधी भरून ठेवायच्या. पाणी उतरल्यावर मीटरची खोली वाळवून तपासल्याशिवाय पुरवठा सुरू करू नये. लोक त्या वेळी फार दबाव आणतात, तिथे कनिष्ठ अभियंत्याच्या पाठीशी कोणी उभं राहत नाही.

आता मूळ प्रश्न. महावितरण आयुक्तांच्या हाताखाली नाही. पोलीस नाहीत. जलसंपदा नाही. म्हणून मी सांडवा यांच्या बाजूचा.

---

कात्रजघाट

महावितरण जिल्हाधिकाऱ्यांच्याही हाताखाली नाही. ते आदेश देतात तो याच कायद्याच्या जोरावर, आणि तो मोडला तर कलम ५१ ची शिक्षा आहे. हाच जोर शहर प्राधिकरणाच्या सूचनेला द्या, तुमचा आक्षेप मिटतो.

---

सांडवा

देता येईल, पण मग एका रात्री एकाच अभियंत्याला दोन प्राधिकरणांचे दोन आदेश येऊ शकतात. आयुक्त म्हणतात डीपी बंद करा, जिल्हा कक्ष म्हणतो त्याच फीडरवर (वीजवाहिनीवर) रुग्णालय आहे, थांबा. कोणाचे ऐकायचे हे आधी लिहून ठेवा. मी एवढ्यावर तयार होईन: विसर्गाचा निर्णय आणि दोन शहरांचा ताळमेळ जिल्हाधिकाऱ्यांकडे, ओढे आणि गल्ल्या रिकाम्या करणे क्षेत्रीय कार्यालयाकडे, आणि वीज तोडण्यासाठी आकड्यावर आधारलेला कायमचा लेखी आदेश, ज्याला त्या रात्री कोणाचीच सही लागणार नाही.

---

मुठाकाठ

विसर्गावर अडतंय. दुपारीच पाणी सोडायचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांकडे ठेवायचा असेल तर त्यांच्या कक्षात शहराचा एक अधिकारी चोवीस तास बसलेला हवा, नकार मिळाला तर तो वेळेसह नोंदवहीत लिहिणारा. त्याशिवाय मी मान्य करणार नाही.

---

दोरखंड

त्या अधिकाऱ्याकडे तक्ता हवा. नुसता बसून काय करेल? आधी २०२४ च्या खुणा मोजा, त्या अजून काही भिंतींवर दिसतात. रंगरंगोटी झाली की त्याही जातील.