अनुभव धागा: नाताळ तोंडावर, आणि वाट कुठेच दिसत नव्हती तेव्हा

धागाकर्ती:
नाताळआधीचा आगमनकाळ सुरू झाला की आमच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी कुणीतरी उठून साक्ष देतं. बहुतेक साक्षी एकाच साच्यातल्या असतात. संकट आलं, प्रार्थना केली, संकट टळलं, प्रभूची स्तुती असो. खोट्या असतात असं मी म्हणत नाही, पण मधला भाग नेहमी गाळलेला असतो. दवाखान्याच्या बाकड्यावर रात्री दोन वाजता माणूस नेमकं काय करत होता, ते कुणी सांगत नाही.

नाताळची मूळ गोष्ट बघा ना. दिवस भरलेली बाई शिरगणतीच्या सरकारी हुकुमापायी नासरेथहून बेथलेहेमला चाललीय. मुक्कामाला जागा नाही. बाळ जन्मतं न जन्मतं तोच हेरोद राजाची माणसं मागावर, मग रातोरात मिसर देशाला पळ. देवदूत आधी येऊन सांगून गेला होता हे खरं, पण खर्च कसा भागवायचा आणि रस्ता कुठून, हे काही सांगितलं नव्हतं. तिच्या नवऱ्याने, योसेफाने, ते कसं निभावलं याबद्दल शुभवर्तमानात अवाक्षर नाही. मला तेच वाचायचंय, तुमच्याकडून.

तर लिहा. देवावर भरवसा ठेवणं म्हणजे त्या दिवसांत तुम्ही प्रत्यक्षात काय केलंत? शेवट गोड असलाच पाहिजे असं नाही. ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहा. दवाखान्यांची, कंपन्यांची, माणसांची नावं नकोत. प्रवचनही नको, त्यासाठी रविवार आहे.

नगरी म्हातारा:
जय ख्रिस्त. 72 चा दुष्काळ. मी शाळकरी पोरगा होतो. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, महारवाड्याच्या कडेला मातीच्या भिंतींचं देऊळ. हो, आमच्याकडं चर्चला देऊळच म्हणायचे. पाऊस दोन वर्षं धड झाला नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते. सगळा गाव पाझर तलावाच्या नाहीतर खडीच्या कामावर. आई खडी फोडायची. गोणपाटाची घडी खाली, डाव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली, कारण हातोडी निसटली की पहिली तिथंच बसायची. मोजणी ब्रासवर, म्हणजे फोडलेल्या खडीच्या मापावर. पगार कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा.

खायला मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. भाकरी थापताना कडा फुटायच्या. पोरांना शाळेत सुकडी मिळायची तेवढाच आधार.

एरवी आमच्यातल्या बाया रोज स्वयंपाकाआधी मूठभर धान्य देवाचं म्हणून वेगळ्या गाडग्यात टाकायच्या. त्यातूनच नाताळचं प्रीतिभोजन व्हायचं. त्या साली गाडगी पालथी पडलेली. पाळकसाहेबांनी तरी उपासनेत जाहीर केलं की प्रीतिभोजन होणार. माझी आजी तिथंच मोठ्यानं म्हणाली, "साहेब, चुलीवर काय ठेवू, तुमचा झगा?" सगळे हसले. पाळकसाहेबही हसले, पण शब्द मागं घेतला नाही. उलट आदल्या दिवशी स्वतः बादलीभर पांढरी माती कालवून देवळाच्या भिंती पोतारून घेतल्या.

25 तारखेला सोमवार, म्हणजे कामाचा दिवस. मुकादमानं आम्हाला दुपारनंतर सोडलं. आणि झालं असं की कामावरच्या दुसऱ्या बायांनी, त्यांत मराठ्यांच्या होत्या, वंजाऱ्यांच्या होत्या, आईच्या टोळीतल्या एका मुसलमान भाभी होत्या, ओच्यातून थोडं थोडं आणून दिलं. कुणी हुलगे, कुणी मिलोचं पीठ, एकीनं नुसतं मीठ-मिरची. आजीनं हुलग्याचं माडगं केलं. पेटी, टाळ, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आणि माडगं. लाडू-करंजीचा नाताळ पुढं खूप पाहिला, पण पोट भरून जेवल्याची आठवण त्याच दिवसाची आहे.

कुणी याला चमत्कार म्हणतं. मला त्या बायांच्या ओच्यातलं आठवतं. त्यांनाही घरी पोरं होती.

दर्यावर्दी_वसई:
काका, तुमच्या आजीला दंडवत!

माझा 2020 चा. मी मर्चंट नेव्हीत. कोरोनामुळे बंदरं क्रू उतरवू देत नव्हती. जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. अकरा महिन्यांच्या वर माणसाला सलग जहाजावर ठेवायचं नाही असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्या वर्षी तो कागदावरच राहिला. आम्ही एका बंदराबाहेर नांगर टाकून उभे. किनाऱ्यावरचे दिवे दिसायचे, उतरता यायचं नाही. ऑफिसकडून दर वेळी एकच उत्तर, पुढच्या बंदरात बघू.

घरी आई एकटी. मुंबईच्या पट्ट्यात रात्री अकरापासून संचारबंदी, म्हणून नाताळची मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, त्या साली संध्याकाळीच उरकली. आई म्हणाली, "बाबा, येशूला पण यंदा लवकर जन्मायला लावलंय सरकारने." तिचा विनोद शाबूत आहे हे ऐकून मला निम्मं बरं वाटलं.

आमच्यात फिलिपिनो पुष्कळ. त्यांच्याकडे 16 डिसेंबरपासून नऊ पहाटे मिस्सा असते, सिंबांग गाबी म्हणतात. जहाजावर फादर कुठला? बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, स्वतः पहाटे मेसरूममध्ये (जेवणाच्या खोलीत) बायबलवाचन करायचा, आम्ही चारपाच जण डोळे चोळत बसायचो. इंजिनरूमवाल्यांनी वेल्डिंगच्या सळ्या वाकवून चांदणी केली, आत पाण्याच्या बाटल्या कापून लावल्या आणि टॉर्च ठेवला.

माझी प्रार्थना एकच होती, मला उतरव. उतरवलं नाही. पण त्याच दिवसांत आमचा एक कॅडेट जेवायचा बंद झाला. पहिलीच ट्रिप. रात्री उगाच डेकवर रेलिंगपाशी उभा राहायचा. बोसनच्या लक्षात आलं. मग आम्ही पाळी लावली. कुणीतरी सतत त्याच्याबरोबर, चहा, पत्ते, गावाकडच्या गप्पा, आणि कॅप्टनला सांगून त्याचं रोज घरी बोलणं. नाताळच्या रात्री तो मेसमध्ये येऊन गायला. भसाडा आवाज, पण गायला. आम्ही उतरलो ते थेट मार्चमध्ये. आधी उतरलो असतो तर त्या पोराजवळ कोण बसलं असतं, हा विचार मला नंतर सुचला. तेव्हा मी फक्त वैतागलो होतो.

कलकल_प्रेमी:
माझा अनुभव अगदीच किरकोळ. कॅरल म्हणजे नाताळगीतं गात फिरणारा आमचा टेम्पो घाटात बंद पडला, आत गाईच्या पोशाखातली दोन मुलं आणि दाढी लावलेला हेरोद. हेरोदाने अर्धा तास धक्का मारला आणि टेम्पो सुरू झाला. त्याच्याही हातून काही चांगलं व्हायचं होतं. चालू द्या.

निरांजन:
मी ख्रिस्ती नाही. धागाकर्तीने बोलावलंय म्हणून लिहिते.

आमची मुलगी सत्ताविसाव्या आठवड्यात झाली. डिसेंबरातच. वजन नऊशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका तळव्यावर मावेल एवढी. पुण्यातलं रुग्णालय. नाकाला श्वासाला मदत करणारं सीपॅप, पोटात नळी, आणि त्या नळीतून सिरिंजने एक-एक मिली दूध. ते एक मिली काढायला मला तासभर लागायचा आणि रडायला त्याहून जास्त. डॉक्टर चांगले होते पण शब्द मोजून वापरायचे. "आज स्थिर आहे." उद्याचं कुणीच बोलत नसे.

सासूबाई काचेबाहेर उभ्या राहून रामरक्षा म्हणायच्या. रात्रपाळीला सांगलीकडच्या एक सिस्टर होत्या. त्यांनी नाताळची सुट्टी दुसरीला देऊन ड्यूटी घेतलेली, कारण म्हणे "तिची मुलं लहान आहेत, माझी मोठी झाली." 24 च्या रात्री त्या मला म्हणाल्या, "ताई, तुमच्या बाळासाठी प्रार्थना केली तर चालेल का? मनातच करीन." त्यांनी विचारलं हे मला अजून महत्त्वाचं वाटतं. मी हो म्हटलं. त्यांनी इन्क्युबेटरच्या खिडकीतून हात घालून एक हात तिच्या डोक्यावर, एक पायांवर ठेवला, असा की ती गोळा होऊन स्वस्थ झोपली. मॉनिटरचा इशाऱ्याचा आवाज थांबला. नंतर कळलं की कमी दिवसांच्या बाळांना असं धरायची पद्धतच आहे, सगळ्या प्रशिक्षित नर्सना ती येते. प्रार्थना कुठे संपली आणि नर्सिंग कुठे सुरू झालं, मला सांगता येणार नाही.

मुलगी आता शाळेत जाते, चष्मा आहे, दांडगट आहे. पण पूर्ण सांगायचं म्हणून सांगते. शेजारच्या वॉर्मरमधलं बाळ त्याच आठवड्यात गेलं. त्याच्यासाठीही सिस्टरांनी तशीच प्रार्थना केली होती.

सरळ_प्रश्न:
निरांजनताईंनी शेवटची दोन वाक्यं लिहिली म्हणून विचारायचं धाडस करतो. ज्यांचं काम झालं तेच अशा धाग्यांवर लिहितात. दुसऱ्या बाळाची आई इथे येऊन लिहील का? आणि लिहिलं तर तिला काय सांगणार?

धागाकर्ती:
प्रश्न रास्त आहे. मी काही सांगणार नाही. कुणाला लिहावंसं वाटलं तर वाचेन.

मावशी_अर्नाळा:
मी लिहिते.

2004. आमच्याकडून दरवर्षी एक गट नाताळला तमिळनाडूत समुद्राकाठच्या वेलंकणी माऊलीच्या देवळाला जायचा. त्या साली मामांचा नवस होता, मामीच्या ऑपरेशनचा. 25 चा सण तिथेच केला. 26 ला रविवार. आई, मी आणि मामी सकाळी देवळात, मिस्सा चालू होती. मामांनी मुंडण केलं आणि माझ्या मामेभावाला घेऊन समुद्रावर आंघोळीला गेले, नवस करणारे सगळेच जातात तसे. मंदिरापासून समुद्रापर्यंत दुकानांची रांग आहे, मेणबत्त्या, शंख-शिंपले, माळा. नऊ-साडेनऊच्या सुमाराला बाहेर ओरडा झाला. आम्हाला वाटलं मारामारी. मग ओले लोक आत धावत आले. त्सुनामी होती.

मामेभाऊ सापडला, एका दुकानाच्या छपराला धरून होता. मामा नाही सापडले. सामुदायिक दफन झाली तिथे. त्यांत असतील असं धरून आम्ही परतलो. तिथल्या लोकांनी, ज्यांची स्वतःची घरं गेली होती, त्यांनी आम्हाला भात वाढला.

गावी परतल्यावर एक वाक्य सगळीकडून ऐकू यायचं, देवळात पाणी शिरलं नाही, देवळात होते ते वाचले, माऊलीची कृपा. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असायचा. मामी ऐकून घ्यायची आणि स्वयंपाकघरात जायची. नवस फेडायला गेलेला माणूस माऊलीचा नव्हता का?

आमचे फादर त्या वेळी तरुण होते. त्यांनी मामीला कधीच काही समजावलं नाही. ते दर बुधवारी जेवायला यायचे, मासे निवडायला बसायचे, मामेभावाचा गणिताचा अभ्यास घ्यायचे. एकदाच बोलले. म्हणाले, नाताळनंतर तिसऱ्या दिवशी, 28 डिसेंबरला, चर्च हेरोदाने मारलेल्या बाळांचा सण पाळतं. गोठ्याशेजारीच ते रडणं ठेवलंय, चर्चने ते लपवलेलं नाही. बस, एवढंच. मामी त्या 28 ला मिस्सेला गेली. नाताळला नाही गेली, 28 ला गेली. पुढे बरीच वर्षं तिचा नाताळ 28 लाच असायचा. आता 25 लाही येते. गोठ्याजवळ जात नाही, मागच्या बाकावर बसते.

सरळ_प्रश्न, त्या आईला काय सांगायचं मला माहीत नाही. दर बुधवारी जेवायला जाता येतं.

सरळ_प्रश्न:
मावशी, धन्यवाद. आणखी काही विचारायचं उरलं नाही.

खिळेजुळारी:
मावशींनंतर लिहायला संकोच वाटतो, पण हे माझ्या पणजीचं आहे, ते राहून जाऊ नये.

पणजी दुष्काळात अनाथ झालेली, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. 1897 मध्ये मध्य प्रांतातून आणि 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून रमाबाईंनी शेकडो मुली आणल्या, उद्याचं धान्य कुठून येणार ते ठाऊक नसताना. पण घरात सांगितली जाते ती गोष्ट 1921 च्या नाताळची. त्या जुलैत मनोरमाबाई गेल्या होत्या. रमाबाईंची एकुलती एक मुलगी, पुढचं सगळं तिच्यावर सोपवायचं ठरलेलं. रमाबाई स्वतः खचलेल्या, कानांनी कमी ऐकू येणारं. आणि हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचं काम अर्धवट. पणजी छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायची. घरच्या सांगण्याप्रमाणे तिला त्या नाताळचं गाणंबिणं काही आठवत नव्हतं, आठवत होती ती मुद्रितं, म्हणजे तपासायच्या कच्च्या छापील प्रती. बाईंकडून तपासून यायची, समासात बारीक अक्षरात दुरुस्त्या, काना-मात्राही सुटलेली चालायची नाही.

1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. बायबल छापून पुरं झालं ते त्यांच्या मागून, त्याच मुलींच्या हातून.

अजून_वाट_बघतेय:
सगळं वाचलं. माझं अजून चालू आहे, त्यामुळे शेवट नाही. नवऱ्याचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. किडनीसाठी यादीत नाव आहे. दीर द्यायला तयार होते, त्यांची तपासणी गेल्या आठवड्यात जुळली नाही. मुलगा विचारतो चांदणी कधी लावायची. मी अजून माळ्यावरून काढलेली नाही. भरवसा आहे का, विचाराल तर सकाळी असतो, संध्याकाळी नसतो. प्रार्थनेत आठवण ठेवा.

धागाकर्ती:
ठेवते. आणि ताई, राहता कुठे, डायलिसिसचे वार कोणते, ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा.

अजून_वाट_बघतेय:
निरोप पाठवलाय. मंगळ, गुरु, शनि. यंदा नाताळ नेमका त्यातच आलाय.

निरांजन:
पुण्यात असाल तर नाताळच्या दिवशीचा डबा माझ्याकडे. डायलिसिसचं पथ्य मला माहीत आहे, बाबांचं होतं. मीठ कमी, भाज्या उकळून पाणी काढून टाकलेल्या. गोडाचं काय चालतं ते तेवढं विचारून घ्या.

दर्यावर्दी_वसई:
मी सध्या सुट्टीवर आहे. माळ्यावरची चांदणी काढायला येतो. वायर तपासूनच लावू, जुनी असेल तर शॉर्ट होते.